बंद झालेल्या मतदारसंघाचा निवडणूक-इतिहास कसा लिहावा: किलकेनीपासून उचगावपर्यंत

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात सीमाप्रश्नावर चर्चा सुरू झाली की ती लवकरच निवडणुकीच्या आकड्यांवर येते. कोणत्या साली कोण निवडून आले, किती मतांनी आले आणि त्यावरून लोकांचा कौल कोणत्या बाजूला होता, हे ठामपणे सांगितले जाते. पण सांगणाऱ्याच्या हाती बहुधा कागद नसतो. ज्या मतदारसंघांत आपल्या मागच्या दोन-तीन पिढ्यांनी मतदान केले, त्यांपैकी उचगाव, बागेवाडी आणि अविभाजित बेळगाव शहर हे मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेनंतर नकाशावर उरलेले नाहीत. मतदारसंघ संपला की त्याची आठवण सांभाळणारे कार्यालय राहत नाही आणि आमदारांची नावेही हळूहळू चुकीच्या क्रमाने सांगितली जाऊ लागतात. म्हणून हा इतिहास आता गावागावांतील शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी आणि वाचनालयांशी जोडलेल्या लोकांनी लिहून काढला पाहिजे, असे मला मनापासून वाटते. तो कसा लिहावा, हे या लेखात सांगायचे आहे.

पद्धत शिकण्यासाठी मी मुद्दाम दूरचे उदाहरण घेतले आहे. आयर्लंडमधील किलकेनी शहराचा मतदारसंघ १८०१ पासून ब्रिटिश संसदेत एक सदस्य पाठवीत होता आणि १९१८ मध्ये तो संपला. अशा शहरी मतदारसंघाला तिकडे बरो म्हणत. त्याचा आरंभ आणि शेवट दोन्ही ठरलेले आहेत, जागा एकच होती आणि १८३२ पासून शेवटपर्यंत फक्त १२ जण तिथून निवडून गेले, त्यामुळे सगळा पट एका वहीत मावतो. शिवाय तिथे कोण जिंकले याच्याशी आपल्यापैकी कोणाचा मानअपमान बांधलेला नाही. उचगाव किंवा खानापूरच्या आकड्यांना हात घालताना मन आधीच एका बाजूला झुकलेले असते. किलकेनीवर हात बसला की तीच शिस्त घरच्या आकड्यांना लावणे सोपे जाते.

आधी हद्द

बहुतेक जण विजेत्यांच्या यादीपासून सुरुवात करतात. माझा आग्रह असा आहे की वहीच्या पहिल्या पानावर एकही नाव लिहू नये. तिथे फक्त मतदारसंघाची हद्द आणि ती ज्या कायद्याने किंवा आदेशाने ठरली त्याचे वर्ष लिहावे. हद्द बदलली की मतदारसंघाचे नाव तेच राहूनही आतील माणसे बदलतात. मग १० वर्षांपूर्वीच्या निकालाशी आजच्या निकालाची तुलना करणे म्हणजे दोन वेगळ्या लोकसमूहांची तुलना करणे होते.

किलकेनीच्या बाबतीत पहिले पान १८०० सालच्या विलीनीकरण कायद्याचे आहे. त्याआधी डब्लिनमध्ये आयर्लंडची स्वतंत्र संसद होती आणि तिच्या कनिष्ठ सभागृहात ३०० सदस्य होते. १ जानेवारी १८०१ पासून ती संसद संपली आणि आयर्लंडच्या वाट्याला लंडनच्या संसदेत १०० जागा आल्या: ३२ काउंट्यांना प्रत्येकी २ मिळून ६४, बरोंना ३५ आणि डब्लिन विद्यापीठाला १. जुन्या ११७ बरोंपैकी ३३ उरले. त्यांतही डब्लिन आणि कॉर्क यांनाच दोन-दोन जागा राहिल्या आणि किलकेनीसह बाकीच्यांना एक-एक. किलकेनी काउंटीतील कॅलन, गॉरन, इनिस्टिओग, नॉकटॉफर आणि थॉमसटाउन हे बरो पूर्णपणे गेले. किलकेनी शहराला लागूनच असलेल्या आयरिशटाउनचा, म्हणजे सेंट कॅनिसचा, स्वतंत्र बरोही तेव्हाच संपला. ज्यांचे बरो गेले त्यांच्या आश्रयदात्यांना प्रत्येक बरोमागे १५,००० पौंड भरपाई देण्यात आली. सेंट कॅनिस बिशपच्या कह्यात असल्यामुळे त्याची रक्कम चर्चच्या फर्स्ट फ्रूट्स मंडळाकडे गेली. लोकांचे प्रतिनिधित्व काढून घेतल्याचा मोबदला लोकांना न मिळता मालकाला मिळाला, ही एकच नोंद त्या काळचा बरो म्हणजे काय होता हे पुरेसे स्पष्ट करते, म्हणून ती पहिल्या पानावर अवश्य असावी.

आपल्याकडे हेच पान अधिक गुंतागुंतीचे आहे, कारण इथे मतदारसंघाबरोबर राज्यही बदलले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो म्हैसूर राज्यात गेला, मात्र चंदगड तालुका मुंबई राज्यात राहून कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. म्हणून १९५२ चे निकाल मुंबई राज्याच्या अहवालात शोधावे लागतात, १९५७, १९६२, १९६७ आणि १९७२ चे म्हैसूरच्या, तर राज्याचे नाव १९७३ मध्ये बदलल्यामुळे १९७८ पासूनचे कर्नाटकाच्या अहवालात. निवडणूक आयोगाने आपल्या संकेतस्थळावर १९५१-५२ पासूनचे सांख्यिकी अहवाल ठेवले आहेत आणि ते कोणालाही उतरवून घेता येतात; केवळ चुकीच्या राज्याचा अहवाल उघडल्यामुळे पुष्कळांना 'आमचे १९५२ चे आकडे मिळतच नाहीत' असे वाटते.

हद्दीसाठी मतदारसंघ पुनर्रचना आयोगाचे आदेश वाचावेत. त्यांत महसूल मंडळे, तालुके आणि शहराचे प्रभाग यांच्या नावांनी हद्द दिलेली असते. १९७६ च्या आदेशातील रचना २००४ च्या निवडणुकीपर्यंत चालली, कारण ४२ व्या घटनादुरुस्तीने जागांची संख्या १९७१ च्या जनगणनेवर गोठवली होती. २००८ च्या आदेशात हद्दी २००१ च्या जनगणनेवर नव्याने आखल्या गेल्या आणि त्यातून बेळगाव उत्तर, बेळगाव दक्षिण आणि बेळगाव ग्रामीण हे आजचे मतदारसंघ आले. आपल्या गावापासून सुरुवात करणे सर्वांत सोपे. येळ्ळूर, कडोली, हिंडलगा, जे कोणते आपले गाव असेल त्याचे नाव घ्यावे आणि ते प्रत्येक आदेशात कोणत्या मतदारसंघात पडले ते ओळीने लिहावे. दहा-बारा गावांचे असे केले की हद्द डोळ्यांसमोर उभी राहते.

नावांच्या सारखेपणापासून सावध राहावे. किलकेनी शहर आणि किलकेनी काउंटी हे दोन वेगळे मतदारसंघ होते. काउंटीला १८८५ पर्यंत दोन जागा होत्या आणि त्यानंतर तिचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले. नुसते 'किलकेनीचे खासदार' एवढेच लिहिलेला मजकूर मिळाला तर तो कोणत्या किलकेनीचा आहे हे कळेपर्यंत तक्त्यात घेऊ नये. आपल्याकडेही खानापूर बेळगाव जिल्ह्यात आहे तसे सांगली जिल्ह्यात आहे, आणि बागेवाडी म्हटल्यावर विजापूरकडचे बसवन बागेवाडी हाती लागण्याचा संभव असतो. बेळगाव या एका नावाखाली तर लोकसभा मतदारसंघ, शहर आणि ग्रामीण असे सगळेच येतात.

मत कोणाला होते

दुसरे पान मताधिकाराचे. माझ्या मते निवडणूक-इतिहासात सर्वांत जास्त दुर्लक्ष याच पानाकडे होते आणि त्यामुळेच आकड्यांचा अर्थ चुकतो.

किलकेनीत १८३२ च्या सुधारणा कायद्यानंतर वर्षाला १० पौंड मूल्याच्या घराचा ताबा असणाऱ्या पुरुषाला मत मिळाले. शहराच्या जुन्या 'फ्रीमन' मंडळींचा, म्हणजे नगरसंस्थेचे विशेष हक्क असलेल्या नागरिकांचा, हक्कही काही प्रमाणात टिकला. १८४५ नंतरच्या दुष्काळाने आयर्लंडमधील मतदारांची संख्या इतकी घटली की १८५० मध्ये वेगळा कायदा करून बरोंसाठी करआकारणीच्या ८ पौंडांची अट ठेवावी लागली. १८६८ मध्ये ती अट ४ पौंडांपेक्षा अधिक अशी खाली आली, १८८४ च्या कायद्याने कुटुंबप्रमुख पुरुषांपर्यंत मत पोहोचले, आणि २१ वर्षांवरील जवळजवळ सर्व पुरुषांना तसेच ३० वर्षांवरील ठरावीक अटींत बसणाऱ्या स्त्रियांना ते १९१८ मध्ये मिळाले. या पायऱ्यांमध्येच १८७२ चा गुप्त मतदानाचा कायदाही लिहावा. त्याआधी मतदार सर्वांसमोर उमेदवाराचे नाव उच्चारीत असे आणि ते नोंदवहीत लिहिले जाई, त्यामुळे जमीनदार, मालक आणि धर्मगुरू यांना कोणी कोणाला मत दिले हे कळत असे. १८७२ पूर्वीचे मताधिक्य आणि नंतरचे मताधिक्य एकाच मापाने मोजू नये, याचे हे साधे कारण आहे.

धर्माची अट वेगळी लिहावी. कॅथलिक माणसाला मत देता येत असे, पण १८२९ पर्यंत त्याला लंडनच्या संसदेत बसता येत नव्हते. म्हणून १८०१ ते १८२९ या काळातील किलकेनीच्या सदस्यांची यादी पाहून शहराचा कल ठरवणे व्यर्थ आहे. उभे कोण राहू शकत होते, याचाच निर्णय आधी झालेला होता.

भारतात १९५२ पासून सर्व प्रौढांना मत आहे, त्यामुळे हे पान आपल्याकडे लवकर भरते. तरीही दोन नोंदी कराव्यात. १९३७ आणि १९४६ च्या मुंबई प्रांतिक निवडणुकांत मतदार मर्यादित होते आणि मतदारसंघ धर्मनिहाय विभागलेले होते, म्हणून ते आकडे १९५२ नंतरच्या तक्त्यात मिसळू नयेत. आणि मतदानाचे वय ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ मध्ये २१ वरून १८ वर आले, त्यामुळे १९८५ आणि १९८९ या दोन विधानसभा निवडणुकांमधील मतदारसंख्येतील वाढ केवळ लोकसंख्येची नाही.

नावे आणि तारखा

आता विजेत्यांची यादी करावी. किलकेनीची १८३२ पासूनची यादी अशी: रिचर्ड सलिव्हन, १८३६ मध्ये डॅनियल ओ'कॉनेल, १८३७ मध्ये जोसेफ ह्यूम, १८४१ मध्ये डॅनियल ओ'कॉनेल यांचे पुत्र जॉन ओ'कॉनेल, १८४७ मध्ये मायकल सलिव्हन, १८६५ मध्ये सर जॉन ग्रे, १८७५ मध्ये बेंजामिन व्हिटवर्थ, १८८० मध्ये जॉन फ्रान्सिस स्मिथविक, १८८६ मध्ये थॉमस क्विन, १८९२ मध्ये थॉमस करन, १८९५ मध्ये पॅट ओब्रायन आणि १९१७ मध्ये विल्यम कॉस्ग्रेव्ह.

यादी पुरी झाली की लगेच प्रत्येक बदलापुढे कारण लिहावे: सार्वत्रिक निवडणूक, मृत्यू, राजीनामा की याचिकेवरील निर्णय. या रकान्यातच खरा इतिहास सापडतो. १८३६ कडे पाहा. त्या वर्षी सार्वत्रिक निवडणूक नव्हती. ओ'कॉनेल १८३५ मध्ये डब्लिन शहरातून निवडून आले होते, परंतु त्यांच्या निवडीविरुद्ध याचिका झाली आणि १८३६ मध्ये त्यांची जागा गेली; तेव्हा रिचर्ड सलिव्हन यांनी किलकेनीची आपली जागा सोडली आणि देशातला सर्वांत मोठा नेता या लहान शहरातून संसदेत परतला. पुढच्या वर्षी ते पुन्हा डब्लिनमधून निवडून आले आणि किलकेनीत जोसेफ ह्यूम आले. ह्यूम आयरिश नव्हते, स्कॉटिश होते; इंग्लंडमधील मिडलसेक्समध्ये ते त्याच १८३७ च्या निवडणुकीत हरले होते. त्या काळी सार्वत्रिक निवडणूक सगळीकडे एकाच दिवशी होत नसे, ती काही आठवडे चाले, म्हणून एका ठिकाणी हरलेला उमेदवार दुसऱ्या ठिकाणी उभा राहू शकत असे. संपूर्ण देशात एकाच दिवशी मतदान होण्यास १९१८ उजाडावे लागले. म्हणून तक्त्यात नुसते वर्ष न लिहिता दिवस आणि महिना लिहावा. १८३७ या एका आकड्याने ह्यूम यांची गोष्ट कळत नाही.

व्हिटवर्थ यांचेही तसेच. ते किलकेनीच्या आधी आणि नंतर ड्रोएडा या दुसऱ्या बरोचे सदस्य होते. एकाच मतदारसंघाच्या वहीत राहून अशा माणसांची वाट कळत नाही. शेजारच्या मतदारसंघांच्या याद्या बाजूला ठेवाव्या लागतात. बेळगावच्या बाबतीत शहर, उचगाव, बागेवाडी आणि खानापूर या चार याद्या एकत्रच कराव्यात, असा माझा सल्ला आहे.

याचिकांची नोंद कोठे शोधावी, हेही काळाप्रमाणे बदलते. ब्रिटनमध्ये १८६८ पर्यंत निवडणूक याचिका संसदेच्या समितीपुढे चालत आणि त्यानंतर न्यायाधीशांपुढे. भ्रष्टाचार ठरला तर कधी बरोच रद्द होई: स्लायगो आणि कॅशेल हे दोन आयरिश बरो १८७० मध्ये याच कारणाने कायमचे गेले. भारतात लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ नुसार पूर्वी या याचिका निवडणूक न्यायाधिकरणांपुढे जात आणि १९६६ च्या दुरुस्तीनंतर उच्च न्यायालयात. निकालानंतर ४५ दिवसांच्या आत त्या दाखल कराव्या लागतात. त्यामुळे निकालाच्या तारखेनंतरच्या दोन महिन्यांचे वर्तमानपत्र नीट चाळले तर याचिका झाली होती की नाही याचा माग लागतो.

पक्षाचा रकाना

इथे सर्वांत जास्त वेळ द्यावा. किलकेनीच्या कोणत्याही छापील तक्त्यात नावापुढे लिबरल, रिपीलर (१८०० चा विलीनीकरण कायदा रद्द करा म्हणणारे), होमरूल (आयर्लंडला अंतर्गत स्वराज्य मागणारे) असे शब्द दिसतात, आणि वाचणाऱ्याला वाटते की मतदाराने ते मतपत्रिकेवर वाचले होते. वस्तुस्थिती तशी नव्हती. १८७२ च्या कायद्याने मतपत्रिका आली, पण तिच्यावर उमेदवाराचे नाव, पत्ता आणि व्यवसाय असे, पक्ष नसे. पक्षाची नावे वर्तमानपत्रांनी, संसदेतील मतदानाने आणि पुढे इतिहासकारांनी लावलेली आहेत. सर जॉन ग्रे १८६५ मध्ये लिबरल म्हणून गणले जातात आणि १८७४ मध्ये तेच ग्रे होमरूलचे म्हणून. या मधल्या काळात आयझॅक बट यांनी १८७३ मध्ये होमरूल लीग उभी केली होती. तक्त्यातील बदल पाहून शहराने पक्ष बदलला असे म्हणता येणार नाही, कारण माणूस तोच होता आणि राजकारणाची मांडणी त्याच्याभोवती बदलत होती. १८९० च्या डिसेंबरमध्ये होमरूल चळवळीचे नेते चार्ल्स पार्नेल यांच्या नेतृत्वावरून संसदेतील आयरिश पक्ष फुटला. त्यानंतर किलकेनीत १८९२ मध्ये पार्नेलविरोधी गटाचे करन आले आणि १८९५ मध्ये पार्नेलवादी ओब्रायन. १९०० मध्ये दोन्ही गट जॉन रेडमंड यांच्याखाली एकत्र आले आणि ओब्रायन आपल्या जागेवर राहूनच संयुक्त पक्षाचे सदस्य झाले.

म्हणून पक्षासाठी एक नव्हे, दोन रकाने करावेत. पहिल्यात त्या वेळच्या सरकारी किंवा छापील नोंदीत जे आहे ते जसेच्या तसे, दुसऱ्यात आपण अभ्यासून ठरवलेले, आणि दुसऱ्याशेजारी ते कशावरून ठरवले याची ओळ.

सीमाभागात हा नियम पाळला नाही तर सगळा इतिहासच हातातून निसटतो. महाराष्ट्र एकीकरण समितीचे उमेदवार निवडणूक आयोगाच्या नोंदीत सामान्यतः अपक्ष म्हणून दिसतात. २०१३ मध्ये बेळगाव दक्षिणमधून संभाजी पाटील आणि खानापुरातून अरविंद पाटील हे समितीचे उमेदवार निवडून आले. पण कर्नाटक विधानसभेच्या त्या वर्षीच्या अधिकृत पक्षनिहाय तक्त्यात समितीचे नावच नाही, तिथे ९ अपक्ष आहेत. केवळ सरकारी अहवाल वाचणारा बाहेरचा अभ्यासक असा निष्कर्ष काढील की या भागात सीमाप्रश्नावर लढणारा कोणी आमदार त्या वर्षी नव्हताच. उलट फक्त आठवणीवर विसंबणारा प्रत्येक मराठी आडनावाच्या अपक्षाला समितीचा उमेदवार समजेल, आणि तेही तितकेच चुकीचे आहे. एकाच मतदारसंघात समितीचे विचार मानणारे दोन-दोन उमेदवार समोरासमोर उभे राहिल्याचे प्रसंग आपल्याकडे घडलेले आहेत. तिथे अधिकृत कोण हे त्या त्या आठवड्याच्या वर्तमानपत्रातील पत्रकावरून किंवा सभेच्या वृत्तांतावरूनच ठरवावे. दुसऱ्या रकान्यातील ओळ इथे कामाला येते. वर्तमानपत्राचे नाव, तारीख आणि पान एवढे लिहिले तरी पुरते.

वर्तमानपत्र एकाच बाजूचे वाचू नये, हे किलकेनीत फार ठळक दिसते. तिथे मॉडरेटर हे पत्र परंपरावादी होते आणि जर्नल राष्ट्रीय बाजूचे, आणि एकाच सभेचे वर्णन दोघांत वेगळे येई. बेळगावातील मराठी दैनिकांच्या संचिका पाहताना कन्नड दैनिकांच्या त्याच तारखेच्या संचिकाही पाहाव्यात. कन्नड वाचता येत नसेल तर येणाऱ्या मित्राला सोबत घ्यावे. आपल्या भागात असा मित्र मिळणे अवघड नाही.

आकडे मोजताना

१९१७ ची किलकेनीची पोटनिवडणूक सरावासाठी घ्यावी. पॅट ओब्रायन यांच्या मृत्यूमुळे ती ऑगस्ट महिन्यात झाली. आयर्लंडचे स्वातंत्र्य मागणाऱ्या सिन फेन पक्षाचे कॉस्ग्रेव्ह यांना ७७२ मते मिळाली आणि रेडमंड यांच्या पक्षाचे जॉन मॅगेनिस यांना ३९२. एकूण वैध मते १,१६४. कॉस्ग्रेव्ह यांचा वाटा ६६.३ टक्के, मॅगेनिस यांचा ३३.७ टक्के, मताधिक्य ३८० मतांचे.

हे गणित दोन मिनिटांचे आहे, त्याचा अर्थ लावणे मात्र तसे नाही. शहरात तेव्हा सुमारे १०,००० लोक राहत होते आणि मते पडली १,१६४, कारण १९१७ मध्ये स्त्रियांना मत नव्हते, अनेक पुरुषांनाही नव्हते, आणि महायुद्धामुळे सार्वत्रिक निवडणूक १९१० नंतर झालीच नव्हती. त्याच वर्षी सिन फेनच्या बाजूने उत्तर रॉसकॉमन, दक्षिण लाँगफर्ड आणि पूर्व क्लेअर या जागा आधीच जिंकल्या गेल्या होत्या. लाँगफर्डमध्ये फरक केवळ ३७ मतांचा होता. या क्रमात ठेवले की किलकेनीचा निकाल समजतो: जुन्या, मर्यादित यादीतील मतदारांनीही जुन्या पक्षाची साथ सोडली होती. पाच वर्षांनी कॉस्ग्रेव्ह आयरिश स्वतंत्र राज्याच्या मंत्रिमंडळाचे प्रमुख झाले, पण ती माहिती १९१७ च्या पानावर लिहू नये. त्या ऑगस्टमध्ये मत देणाऱ्याला ती ठाऊक नव्हती.

टक्केवारी काढताना भाजक कोणता घेतला ते तक्त्याच्या वर लिहावे. दोन जागांच्या मतदारसंघात प्रत्येकाला दोन मते असतात, त्यामुळे पडलेली मते आणि मतदान करणारी माणसे यांची संख्या वेगळी असते. १८३२ नंतर बेलफास्ट, लिमरिक, वॉटरफर्ड आणि गॉलवे यांना दुसरी जागा मिळाली, त्यांचे आकडे किलकेनीशेजारी ठेवताना ही अडचण येते. भारतातही पहिल्या दोन सार्वत्रिक निवडणुकांत काही मतदारसंघ दोन सदस्यांचे होते. १९६१ च्या कायद्याने ते बंद झाले. अलीकडच्या आकड्यांत नोटा पाहावा लागतो. मे २०१३ च्या कर्नाटक विधानसभा निवडणुकीत तो नव्हता, २०१८ मध्ये होता. नोटाची मते भाजकात धरली की नाही यावरून दशांश बदलतात.

उमेदवारांची संख्या हाही एक आकडा आहे आणि बेळगावकरांनी तो विसरता कामा नये. १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत बेळगावात ४५६ उमेदवार होते. सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधण्यासाठी अर्ज मोठ्या संख्येने भरले गेले होते. अशा निवडणुकीत 'सरासरी मते' किंवा 'किती जणांची अनामत गेली' हे नेहमीचे हिशेब काहीही सांगत नाहीत. अर्ज भरणे हेच तिथे निवेदन होते, म्हणून त्या वर्षी मतांच्या तक्त्याआधी एक परिच्छेद लिहून हे स्पष्ट करावे. त्याच वर्षी कायदा बदलला: लोकसभेची अनामत ५०० रुपयांवरून १०,००० झाली, विधानसभेची २५० वरून ५,०००, आणि मान्यताप्राप्त पक्षाचा नसलेल्या उमेदवाराला १० सूचक आवश्यक झाले. समितीचे उमेदवार अपक्ष गणले जात असल्यामुळे ही शेवटची अट त्यांनाही लागू होते, आणि १९९६ नंतर उमेदवारांची संख्या का घटली याचे उत्तर शोधताना उत्साह ओसरला असे लिहिण्याआधी ही अट लिहावी.

बिनविरोध निवडीच्या वर्षी मतांचा रकाना रिकामा राहतो. तिथे शून्य लिहू नये, 'बिनविरोध' असे लिहावे. पुढे कोणी सरासरी काढली तर शून्याने सगळा तक्ता बिघडतो.

शेवटचे पान

मतदारसंघ संपला तेव्हा त्याचे लोक कोठे गेले, हे शेवटच्या पानावर लिहावे. १८८५ च्या फेरवाटपात आयर्लंडचे २२ बरो गेले, पण किलकेनी वाचले. तोपर्यंत ते संयुक्त राज्यातील सर्वांत लहान मतदारसंघांपैकी एक झालेले होते. १९१८ च्या फेरवाटपात गॉलवे आणि न्यूरी यांच्याबरोबर तेही गेले आणि शहर उत्तर किलकेनी मतदारसंघात विलीन झाले. १४ डिसेंबर १९१८ च्या सार्वत्रिक निवडणुकीत कॉस्ग्रेव्ह तिथून बिनविरोध निवडून आले. त्या वर्षी प्रथमच मत मिळालेल्या किलकेनीच्या स्त्रियांना आणि पुरुषांना त्या निवडणुकीत मतदान करण्याची वेळच आली नाही. सिन फेनने आयर्लंडच्या १०५ पैकी ७३ जागा जिंकल्या असे आपण वाचतो तेव्हा त्यांतील २५ जागा अशाच बिनविरोध होत्या, हे लक्षात ठेवून मगच मतांच्या टक्केवारीबद्दल बोलावे.

उचगावसाठी हे पान असे करावे. डाव्या बाजूला १९७६ च्या आदेशाप्रमाणे मतदारसंघात असलेली सर्व गावे, उजव्या बाजूला २००८ च्या आदेशाने प्रत्येक गाव ज्या मतदारसंघात गेले त्याचे नाव. खाली २००४ च्या शेवटच्या निवडणुकीचा पूर्ण निकाल, सर्व उमेदवारांसह. गावांची यादी जुळेना तर महसूल मंडळांच्या बदललेल्या हद्दी तहसीलदार कार्यालयात विचाराव्यात. २००८ नंतर त्या गावांनी कसे मतदान केले हे या वहीत आणू नये; त्यासाठी बेळगाव ग्रामीणची नवी वही सुरू करावी. वही पूर्ण झाली की तिची एक प्रत गावाच्या वाचनालयात आणि एक बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयात द्यावी, आणि ज्या वर्षाचे पक्षनाव किंवा कारण ठरले नाही तिथे रकाना कोरा ठेवून पेन्सिलीने खूण करावी, म्हणजे ज्याच्याकडे त्या वर्षाचे पत्रक किंवा कात्रण असेल त्याला ते कोठे भरायचे ते कळेल.